मले येते म्हणून

आमच्या नागपुरात एखाद्या बाईचा मोठा फोटो रस्त्यावर दोनच कारणांनी लागतो. एक तर ती महापालिकेच्या निवडणुकीला उभी असते, नाहीतर तिची तेरवी असते. त्यामुळे सुमनताई गोतमारे यांचा फोटो ऑटोंच्या पाठीवर फिरायला लागला तेव्हा मनीषनगरातल्या लोकांनी आधी त्या बऱ्या आहेत ना याची चौकशी केली, आणि मग तिकीट कोणत्या पक्षाचं मिळालं याची. फोटोत ताई चष्मा लावून, साधी निळी साडी नेसून, अजिबात न हसता समोर पाहत होत्या. खाली मराठीत त्यांचं नाव आणि त्याखाली अरबी लिपीत काहीतरी वळणदार लिहिलेलं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना ती अत्तराची जाहिरात वाटली आणि त्यांनी माझ्याकडे दुकानाचा पत्ता मागितला. ती गाण्यांच्या अल्बमची जाहिरात होती. अरबी गाण्यांच्या. आणि तीही काही धीरगंभीर गाणी नव्हेत. लग्नात पोरीबाळींनी नाचावं अशी ठेक्याची, चटपटीत पॉप गाणी, आणि ती गाणारी बाई साठी ओलांडलेली निवृत्त नर्स.

मी गावात कार्यक्रमांचं निवेदन करतो. वाढदिवस, सत्कार, जुन्या गाण्यांच्या मैफिली, जे मिळेल ते. ताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या आणि मला गावातले वाजवणारे, रेकॉर्डिंगवाले सगळे माहीत आहेत असा त्यांचा समज होता. समज खरा होता म्हणून मी या भानगडीत ओढला गेलो.

ताई मूळच्या कुहीकडच्या, धानाच्या शेतीवाल्या घरातल्या. नर्सिंग शिकल्या, मस्कतला गेल्या आणि तिथल्या एका इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. ते का, हे विचारायची हिंमत आमच्या इमारतीत कोणाला झाली नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्यासोबत वॉर्डही आला होता. घड्याळ मनगटावर न घालता खांद्यावर साडीला उलटं टाचलेलं असायचं. खुर्चीत त्या कधी टेकून बसत नसत. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टँकरवरून दोन पुरुष एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले तेव्हा ताई उठल्या, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी श्वास घ्या. नाकाने आत, तोंडाने बाहेर. ते दोघं खरंच श्वास घ्यायला लागले आणि मग भांडण कशावरून होतं ते त्यांना नीट आठवेना. आमच्या सचिवांनी पुढे प्रत्येक बैठकीला त्यांना आवर्जून बोलवायला सुरुवात केली.

त्यांच्याकडे चहा मिळायचा नाही. वेलची घातलेला कडू कहवा मिळायचा, लहानशा बिनकानाच्या कपात, आणि सोबत खजूर. तिकडची रीत अशी की पाहुण्याने कप रिकामा केला की यजमान पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर कप हातात थोडा हलवायचा. ही रीत त्या आधी सांगत नसत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संकोचाने पीत राहिलो, त्या ओततच राहिल्या, आणि पुढे दोन दिवस माझे डोळे टक्क उघडे होते. नंतर विचारलं तर म्हणाल्या की तुम्ही निवेदक आहात, तोंड उघडून बोलाल असं वाटलं होतं.

मस्कतच्या वॉर्डात एक म्हातारी दाई होती. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून तिचं नाव उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. ती लग्नांमधून गायची आणि स्वतःच गाणी रचायची. कळांच्या मधल्या वेळात अडलेल्या बायकांना ती ही गाणी ऐकवायची आणि कण्हता कण्हता बायका हसायच्या. ताई अरबी शिकल्या त्या या गाण्यांतून. सासूची टिंगल, आळशी नवरा, समुद्रावर गेलेला आणि मोबाइल न उचलणारा प्रियकर, असे त्यांचे विषय. ताई निवृत्त होऊन निघाल्या तेव्हा उम्म सालेम त्यांना म्हणाली होती की माझ्या मुलींना ही गाणी जुनाट वाटतात, सुनांना लाज वाटते. तू घेऊन जा. ताईंनी ती घेतली आणि मनीषनगरात आणली. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाल्या की अल्बम काढायचा आहे, रेकॉर्डिंगवाला दाखवा.

मी त्यांना गजूभाऊकडे नेलं. गजूभाऊचा स्टुडिओ रेल्वेलाइनला लागून आहे, त्यामुळे गाडी आली की गाणं थांबवावं लागतं. त्याचा धंदा म्हणजे प्रचाराची गाणी, देवीच्या जागरणाची गाणी आणि कचऱ्याच्या गाडीवर वाजणाऱ्या घोषणा. मनाने अतिशय मऊ माणूस. बेसूर गाणाऱ्या उमेदवाराच्या पोरालाही त्याने कधी दुखवलं नाही. मशीनमध्ये सूर सरळ करायची सोय असते, ती तो गुपचूप वापरायचा आणि गाणाऱ्याला वाटायचं आपण बरे गायलो. त्याने ताईंचं सगळं ऐकून घेतलं आणि साहजिक प्रश्न विचारला.

"पण ताई, अरबीत काहून?"

"मले येते म्हणून."

एवढंच. हे उत्तर मी पुढे किती जणांना मिळताना ऐकलं. सोसायटीतल्या एका काकांनी जरा सूचक स्वरात विचारलं की आपल्या भाषा कमी पडल्या का. भजनं गा, चार लोक पाया पडतील. ताई म्हणाल्या की भजन मी देवासमोर रोज म्हणते, त्याला माझं ऐकू जातं, अल्बमची गरज नाही. काका तरीही अरबीच काहून असं पुटपुटले, तेव्हा त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्यात ना खुलासा होता ना माफी. मला तर हेवा वाटायचा. मी आयुष्यभर लोकांना आवडेल ते बोलत आलो.

गजूभाऊने कीबोर्डवर ठेका धरला, ताई गायल्या, आणि पहिल्याच ओळीत तो थांबला. फार हळू आवाजात म्हणाला की ताई, एक सूर थोडा खाली जातो. ताईंनी पुन्हा म्हटलं, सूर तिथेच. कीबोर्डच्या कोणत्याच पट्टीवर तो सापडेना. तेव्हा ताईंनी त्याला समजावलं. आपल्या इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये जिन्याचं वळण असतं ना, जिथे म्हातारी माणसं दम खायला थांबतात. उम्म सालेमचं गाणं तिथे थांबतं. तू मला लिफ्टमध्ये घालून सरळ वरच्या मजल्यावर नेतोस. मग खाप्याहून एक व्हायोलिनवाले बोलावले. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात त्यांची हयात गेली होती. त्यांनी डोळे मिटले, तारेवर बोट इकडेतिकडे सरकवलं आणि ते वळण बरोबर सापडलं. ताईंनी त्यांना तिथेच खजूर दिला. गजूभाऊने मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. त्याच्या मते ती ताईंच्या वयाची अडचण होती आणि तो सभ्य होता.

रेकॉर्डिंगच्या वेळी ताईंचं वागणं वॉर्डातलंच. घाई चालायची नाही. गजूभाऊ म्हणायचा चला ताई, पुढची ओळ घेऊन टाकू, तर त्या म्हणायच्या, "ओढू नको गा. येऊन राहिलं ते." आणि खरंच पाच-दहा मिनिटं नुसत्या बसून राहायच्या, घड्याळाकडे पाहत. मग अचानक उठून असं काही गायच्या की ढोलकवाला वाजवायचं विसरायचा. मला शब्द कळत नव्हते. पण आळशी नवऱ्याचं गाणं चालू आहे हे मला माझ्या बायकोच्या हसण्यावरून कळलं. ती एकदा सोबत आली होती, आणि तिलाही अरबी येत नव्हतं.

मग ताईंनी स्वतःच्या पैशाने ऑटोंवर फोटो लावले आणि कुहीहून धनराजभाऊ आला. ताईंचा धाकटा भाऊ. बर्डीच्या बाजारात काही कामाने आला होता तर पुढच्या ऑटोवर बहीण. त्याचं ऑटोतच डोकं फिरलं. तो ताईंच्या दारात आला तेव्हा मी आत कहवा पीत बसलो होतो. तो वाईट माणूस नव्हता. गावात लोक काय बोलतात एवढंच त्याला दिसत होतं. घरी बसून गा, कोणी अडवलं नाही, असं त्याचं म्हणणं. पण आडनाव काढून टाक.

"बाबाचं नाव काहून टाकतं वं ताई याच्यात? लोक मले चावडीवर विचारून राहिले."

ताईंनी त्याचा कप पुन्हा भरला. म्हणाल्या की मी दूर गेले तेव्हा चावडी काही बोलली नाही, मी घर बांधायला हातभार लावला तेव्हाही नाही. आता गायले तर बोलते. बोलू दे. धनराजभाऊ न जेवता निघाला. जाताना त्याने आणलेली तांदळाची पिशवी मात्र स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि ताईंनी त्याला थांबवलं नाही. दार लागल्यावर त्या बराच वेळ कप धूत राहिल्या.

त्याच सुमारास गजूभाऊने आपणहून एक गाणं आखाती देशांत गाणी काढणाऱ्या एका कंपनीला पाठवलं होतं. कंपनीच्या माणसाचा मुंबईहून फोन आला, तो आम्ही स्पीकरवर टाकून ताईंसमोर ठेवला. गाणं त्यांना फार आवडलं होतं. हिंदीत बोलत होता, अतिशय गोड. अल्बम ते काढणार, जाहिरात ते करणार, मस्कतपासून कैरोपर्यंत वाजवणार. फक्त गोतमारे हे नाव तिकडे कोणाच्या जिभेवर बसणार नाही. नाव दुसरं घेऊ, छानसं, आणि व्हिडिओत एक तरुण मुलगी ओठ हलवेल. आवाज ताईंचाच. ताईंनी विचारलं, मुलगी गाते का. तो म्हणाला, गाण्याची तिला गरजच नाही. नावाचं म्हणाल तर, ताई म्हणाल्या, उम्म सालेमच्या जिभेवर ते इतकी वर्षं बसलं होतं.

मग त्यांनी त्याला जे सांगितलं ते मी माझ्या आयुष्यात कोणत्याही मंचावर बोलू शकलो नाही. बाळ जन्मलं की त्याला अजून नाव नसतं. म्हणून त्याच्या मनगटाला एक पट्टी बांधतात आणि तिच्यावर आईचं नाव लिहितात. ती बांधल्याशिवाय बाळाला खोलीबाहेर काढायचं नाही, मग बाहेर कोणीही उभा असो. मंत्र्याची सून असली तरी नाही. ताईंनी हे मराठीतच सांगितलं आणि शेवटी हिंदीत विचारलं, मेरे बच्चे को आप बिना पट्टी बाहर ले जाने को बोल रहे हैं? त्या माणसाने विचार करून सांगतो म्हटलं.

पंधरवड्याने त्याने सांगितलं, मान्य. नाव तुमचं, फोटो तुमचा. फक्त जे रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं तेच पाहिजे, त्यात बदल नको. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. गजूभाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. मी प्रकाशनाचं निवेदन लिहायला घेतलं आणि आमच्या सोसायटीच्या हॉलला रंग देण्यात आला.

प्रकाशन रविवारी संध्याकाळी झालं. हॉल भरला होता. नगरसेवक पाहुणे म्हणून आले होते, कंपनीचा माणूस खास मुंबईहून आला होता, आणि सगळ्यात मागे, दाराजवळ, धनराजभाऊ उभा होता. बसायला सांगितलं तर बसेना. मी माझी ठेवणीतली वाक्यं टाकली, नगरसेवकांनी बटण दाबलं आणि मोठ्या स्पीकरमधून पहिलं गाणं सुरू झालं. लोक लगेच टाळ्यांचा ठेका धरायला लागले. सूचक बोलणारे काकासुद्धा. मी ताईंकडे पाहिलं तर त्यांचा हात खांद्यावरच्या घड्याळाकडे गेला होता, कोणाची तरी नाडी मोजत असल्यासारखा. मग त्या उठल्या.

"गजू, बंद कर."

गजूभाऊला वाटलं आवाज मोठा झाला. त्याने तो कमी केला. ताई पुन्हा म्हणाल्या, बंद कर. गाणं थांबलं. टाळ्या आणखी थोडा वेळ चालू राहिल्या आणि मग लोकांच्या लक्षात आलं. ताईंनी माइक न घेताच विचारलं की ते जिन्याचं वळण कुठे गेलं. गजूभाऊने सांगून टाकलं. त्याने जे आयुष्यभर सगळ्यांसाठी केलं तेच ताईंसाठी केलं होतं. मशीनमध्ये घालून त्यांचे सगळे मधले सूर एकेक करून जवळच्या मजल्यावर नेऊन ठेवले होते. व्हायोलिनचेसुद्धा. कंपनीला पाठवलेलं गाणंही तसंच सरळ केलेलं होतं, आणि तयार झालेलं गाणं ताईंनी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं.

"लोक म्हणतील बाई बेसूर आहे," तो म्हणाला. "तुमचं हसू होईल म्हणून केलं ताई."

ताई त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं आता याचं काही खरं नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तू मले वाचवून राहिला होता. मले वाचवाचं नाही आहे गा."

कंपनीचा माणूस पुढे आला. घाईघाईने, पण तसाच गोड, म्हणाला की हेच तर उत्तम आहे, हेच आम्ही घेतलं आहे, स्वच्छ, आजच्या कानाला चालेल असं. ताईंना हवं ते सगळं आम्ही दिलं, नाव दिलं, फोटो दिला. आता एका सुरासाठी मोडू नका. हॉलमधल्या बहुतेकांना ते पटलं असावं, कारण एकदोघांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. एका सुराने असं काय होतं? ताईंनी टेबलावरचा अल्बम उचलला. वर त्यांचा चष्म्यातला फोटो, खाली त्यांचं नाव, सगळं त्यांनी लढून मिळवलेलं. त्यांनी तो त्या माणसाच्या हातात ठेवला.

"हे बाळ माह्यं नाही," त्या म्हणाल्या. "मंग याच्यावर माह्यं नाव कसं टाकू?"

त्याने विचारलं, मग काय करायचं. त्या म्हणाल्या, माझं नाव काढून त्या तरुण पोट्टीचं टाका असं म्हटलं असतं. पण तेही मी करू देणार नाही, गाणी उम्म सालेमने माझ्या हाती दिली आहेत. तेव्हा काहीच करू नका. तो माणूस जायला निघाला. नगरसेवकांना दुसरा कार्यक्रम आठवला. लोकांची चुळबुळ सुरू झाली आणि निवेदक म्हणून मी काहीतरी बोलावं असं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवेदनाचे कागद चाळायला लागलो.

ताईंनी मला बाजूला केलं आणि माइकपाशी उभ्या राहिल्या. नाकाने आत, तोंडाने बाहेर. मग नुसत्या स्वतःच्या टाळ्यांवर त्यांनी तेच गाणं धरलं. पेटी नाही, ढोलक नाही. पहिल्या ओळीत तो सूर आला. खाली नव्हता, वर नव्हता. म्हातारं माणूस कठड्याला धरून थांबतं तसा तो थांबला, आजूबाजूला पाहिलं त्याने, आणि मग वर चढला. मला तोवर तो कधी ऐकूच आला नव्हता. मी मंचावरच रडलो, हे मी लपवत नाही. हॉलमध्ये काहींना तो कळला असेल, काहींना बाई बेसूर गातेय असंच वाटलं असेल. दोनचार पोरं हसली. ताई त्यांच्याकडे पाहूनच पुढचं कडवं गायल्या.

गाणं संपलं तेव्हा मागून धनराजभाऊ चालत पुढे आला. मंचाखाली उभा राहून त्याने माझ्या धोतरवजा पायजम्याला धरून मला खाली वाकवलं. डोळे लाल झाले होते.

"भाऊ, नाव नीट सांगा ना. बाबाचंही सांगा. पूर्ण सांगा."

मी माइक घेतला आणि सांगितलं, सुमन महादेवराव गोतमारे, मुक्काम कुही. माझ्या सगळ्या निवेदनातलं हे सगळ्यात छोटं वाक्य असेल. ताईंनी भावाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

कंपनी गेली ती गेली. गजूभाऊने स्टुडिओला आतून कडी लावून सगळे सूर परत त्यांच्या वळणावर आणून ठेवले. अल्बम मग आम्हीच इंटरनेटवर टाकला, कसलाही गाजावाजा न करता. मस्कतपासून कैरोपर्यंत तो वाजला नाही. नागपुरातही कोणी फारसा ऐकला नाही. मी काळजीने गजूभाऊला विचारायचो किती लोकांनी ऐकलं, ताईंनी एकदाही विचारलं नाही. गजूभाऊने मात्र एक गोष्ट कायमची सोडली. आता उमेदवाराचं पोरगं बेसूर गायलं की तो सरळ सांगतो, आणि त्याचं थोडं गिऱ्हाईक त्यामुळे कमी झालं आहे.

मग या हिवाळ्यात मस्कतहून निरोप आला. उम्म सालेमच्या नातीचं लग्न होतं. त्या मुलीने अल्बम ऐकला होता आणि आजीला ऐकवला होता. आजीला आता नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की लग्नात गायला सुमनला बोलवा.

ताईंना विमानतळावर सोडायला आम्ही तिघं गेलो, गजूभाऊ, धनराजभाऊ आणि मी. धनराजभाऊने तांदळाची पिशवी आणली होती आणि ती बॅगेत बसवण्यावरून बहीणभावात दारापर्यंत वाद चालला. ताईंच्या बॅगेच्या कडीला वॉर्डातली लहान बाळांची पट्टी बांधलेली होती, तिच्यावर निळ्या पेनाने त्यांचं नाव. रांगेत पुढे एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. ती मघापासून ताईंकडे वळून वळून पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ऑटोवर फोटो होता तो तुमचाच ना, म्हणाली. मग निवडून आल्या काय?

ताई म्हणाल्या की त्या निवडणुकीला उभ्याच नव्हत्या, त्या गातात. कोणती गाणी, तिने विचारलं. अरबी. त्या बाईने ताईंना चष्म्यापासून चपलांपर्यंत नीट पाहून घेतलं.

"अरबी काहून वं बाई?"

गजूभाऊने माझ्याकडे पाहिलं. धनराजभाऊ तांदळाची पिशवी हातात तशीच धरून उभा होता आणि बहिणीच्या आधी त्यानेच तोंड उघडलं.

"तिले येते म्हणून," तो म्हणाला.

ताईंनी त्याच्या हातून पिशवी घेतली, बॅगेवर ठेवली आणि आत गेल्या.